६४ व्या वर्षी ताटातली भाजी वाढली, त्या घराचं प्रकरण

हे प्रकरण वारणाकाठच्या एका गावातल्या जोडप्याचं आहे. दोघांना विचारूनच लिहितेय, नावं देणार नाही, गल्लीत सगळे त्यांना अण्णा आणि काकू म्हणतात तेच इथे म्हणते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, वय ६४, काकू साठीच्या, मुलगा-सून पुण्यात, मुलगी सासरी, म्हणजे घरात दोघंच. मी डाएटिशियन आहे, अण्णांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं नोव्हेंबरमध्ये. लिहायचं कारण असं की उतारवयात भाज्या-फळं वाढवायचा विषय निघाला की सगळा भर खाणाऱ्याच्या निश्चयावर असतो, पण ती भाजी आणणार कोण, निवडणार कोण, चिरणार कोण हे कुणी विचारतच नाही. या घरात सगळं अडलं होतं ते नेमकं तिथे.

आधी आकडे सांगते. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.४, बीपी १४८/९०, वजन ७८ किलो, उंची पाच फूट पाच. शुगर नऊ वर्षांपासून, गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीला टेल्मिसार्टन. तंबाखू रिटायर व्हायच्या आधीच सुटलेली, दारू नाही. वरची-खालची दोन्ही कवळी, त्यातली खालची सैल, हे लक्षात ठेवा कारण पुढे ते महत्त्वाचं आहे.

दिवसभराचं खाणं म्हणजे पहाटे चहा आणि खारी, नऊला पोहे नाहीतर उप्पीट आणि परत चहा, दुपारी पाच चपात्या, बटाट्याची भाजी किंवा पिठलं किंवा उसळीचा रस्सा, वर भात-आमटी, पाचला चहाबरोबर शेव-चिरमुरे, रात्री पुन्हा दुपारसारखंच, फक्त चपातीच्या जागी कधी भाकरी. रविवारी मटण. फळ म्हणाल तर उपवासाला केळं, आणि कुणी आजारी बघायला आलं तर सफरचंद. कांदा-लसूण मसाला आणि तेलाची तर्री असल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, हे त्यांनीच सांगितलं, अगदी सरळ.

मी काकूंना सांगितलं की एक दिवस दोघांच्याही ताटात वाढलेली भाजी वजन करून ठेवा, किराणा दुकानातनं छोटा काटा आणला होता त्यांनी. अण्णांची दोन्ही वेळची मिळून भाजी भरली १३० ग्रॅम, आणि त्यातली निम्म्याहून जास्त बटाटा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरलीयत, भाज्यांमध्ये १०० ग्रॅम पालेभाजी. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते आणि त्यात बटाटा धरतच नाही. म्हणजे अण्णा दिवसाला जेमतेम ६० ग्रॅमवर होते. हे आकडे कच्च्या भाजीचे असतात, आणि मेथीसारखी पालेभाजी शिजली की किती आटते ते घरात रोज बघतोच आपण, त्यामुळे वाटीचा अंदाज नेहमी फसवा निघतो.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना छापील डाएट चार्ट मिळाला होता, तो रिपोर्टच्या फाईलमध्ये घडी करून ठेवलेला. त्यात ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूसचं सॅलड, ऑलिव्ह ऑइल, सकाळी ओट्स. त्यांच्या आठवडी बाजारात यातलं काहीही येत नाही. काकूंनी तो चार्ट दोनदा वाचला आणि ठेवून दिला, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याच बाजारात त्या दिवसात चाकवत, शेपू, करडई, अंबाडी, तांदळी, मुळा, पावटा, घेवडा, वांगी यांचे ढीग लागलेले असतात आणि दोन माणसांना पुरेल अशी जुडी दहा-पंधरा रुपयांत मिळते.

मग मी त्यांच्या घरी गेले. हे मी शक्य तिथे करतेच, कारण स्वयंपाकघर बघितल्याशिवाय काही कळत नाही. काकूंच्या दोन्ही हातांची बोटं पेरांपाशी सुजलेली, सकाळी मूठ वळत नाही, गुडघ्यांमुळे खाली विळीवर बसता येत नाही, ओट्यापाशी उभं राहून सगळं. मी विचारलं पालेभाजी का नाही करत, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, मेथी आणली की माझी सकाळ जाते निवडण्यात, आणि हे खातात दोन घास." झालं, सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. बटाटा, कांदा, फ्लॉवर या घरात रोज का होते, तर ते निवडावे लागत नाहीत. अण्णांना आवड नाही म्हणून काकू करत नव्हत्या, काकूंना होत नाही म्हणून ताटात येत नव्हती, ताटात येत नाही म्हणून सवय नव्हती, आणि बाहेरून बघणारा म्हणणार की म्हाताऱ्याला चवीचं वेड आहे.

आणि दात. कच्ची काकडी, गाजर, मुळा कवळीनं तुटत नाही, दाणा खाली अडकला की हिरडीला टोचतो. माणूस चारचौघात हे सांगत नाही, तो म्हणतो मला सॅलड आवडत नाही. खालची कवळी डेंटिस्टकडून घट्ट बसवून घेणं हे मी पहिल्याच कागदावर लिहिलं, भाज्यांच्या यादीच्या आधी. डॉक्टरांशी बोलून क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि पोटॅशियमही आधी तपासून घेतलं, कारण टेल्मिसार्टनसारख्या गोळीनं पोटॅशियम वाढू शकतं आणि किडनी कमजोर असेल तर पालेभाज्या, शहाळं, केळी, टोमॅटो हे उलट त्रासाचं होतं. अण्णांचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून पुढे गेलो. तुमच्या घरी कुणी किडनीचं पेशंट असेल, किंवा हृदयाची झडप बदलल्यावर रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर हे वाचून एकदम पालक-मेथी वाढवू नका, पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं, आधी डॉक्टरांना विचारा.

आता मुख्य गोष्ट. मी अण्णांना काकूंच्या समोरच विचारलं, अण्णा, मेथी तुम्ही निवडाल का. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डिझेल पंपाची नोझल साफ करत होतो मी, मेथीच्या जुडीचं काय घेऊन बसलात." काकूंच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच जुडी पुढ्यात ठेवली.

अण्णांनी ते काम जसं उचललं ते मला फार भारी वाटलं. सकाळी बातम्या लावून खुर्चीत बसायचं, टीपॉयवर जुना पेपर, जुडीची मुळं एकदम कापून टाकायची, मग एकेक काडी हातात घेऊन पिवळं पान, किडीचं पान बाजूला, कोवळा देठ ठेवायचा आणि जून काडी मोडून बघायची, मोडली तर भाजीत, वाकली तर टाकायची. मग मोठ्या परातीत पाणी घेऊन पाला बुडवायचा, हलवायचा, वर उचलून घ्यायचा, पाणी टाकून द्यायचं, आणि परातीच्या तळाला बोट फिरवून रेती लागत नाही तोवर हेच परत परत. पाला चाळणीत निथळून सुती पंचावर पसरायचा, सुकला की त्यातच गुंडाळून फ्रीजमध्ये. बाजारच्या दिवशी आणि मध्ये एकदा असं आठवड्यातनं दोनदा केलं की चार दिवसांची पालेभाजी तयार. काकूंना फक्त फोडणी टाकायची. मुलानं दिवाळीत आणलेला दोरीचा चॉपर माळ्यावर पडून होता तो खाली आला, काकडी-गाजर त्यात बारीक होतं, कवळीला त्रास नाही.

खाण्यात पहिल्यांदा काहीच कमी केलं नाही. फक्त जेवणाआधी एक वाटी कोशिंबीर, तीही अगदी बारीक, काकडी-भिजवलेली मूगडाळ, किसलेला मुळा दह्यात, किसलेलं गाजर-लिंबू, आणि भाजी शक्यतो मऊ शिजलेली. इथे आपल्याकडचे जुने प्रकार इतके उपयोगी आहेत की बाहेरचं काही शोधावं लागत नाही, चाकवताची ताकातली भाजी, डाळ-मेथी, पालकाचं गरगट्टं, शेवग्याची आमटी, वांग्याचं भरीत, भोपळ्याची दाण्याचं कूट घालून केलेली भाजी. हे सगळं बिनदाताचा माणूसही खाऊ शकतो. अण्णांचं म्हणणं होतं की आपल्यात एवढ्या भाज्या खायची पद्धत नाही, तर काकूच म्हणाल्या, भोगीला काय करतो मग, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, ओला हरभरा, तीळ सगळं एकत्र, आणि ऋषिपंचमीची भाजी, तिच्यात तर मसालाही नसतो. जानेवारीत भोगीची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर अण्णांनी दोनदा मागून घेतली, मग काकूंनी तशीच भाजी पुढे आठवड्यातनं एकदा सुरू केली.

तेलाचा हिशोब काकूंनी स्वतः काढला. दोघांना महिन्याला चार लिटर तेल लागत होतं. पोषण संस्थेच्या हिशोबानं माणशी दिवसाला २७ ग्रॅम, म्हणजे दोघांना महिन्याला पावणेदोन लिटरच्या आसपास. एकदम तेवढं उतरलं नाही, सव्वादोनवर आलंय. तर्री गेली नाही, फक्त रविवारपुरती राहिली, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही, आयुष्यभर खाल्लेली चव ६४ व्या वर्षी हिसकावून घेतली तर माणूस सगळंच सोडून देतो.

अडचणी आल्याच. पहिल्या पंधरवड्यात पोटात गॅस, फुगल्यासारखं, अण्णा म्हणाले हे आपल्याला मानवत नाही. विचारल्यावर कळलं की संध्याकाळी चारनंतर ते पाणीच पीत नाहीत, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं म्हणून. साठीनंतरच्या बऱ्याच पुरुषांचं असं असतं, प्रोस्टेटमुळे, आणि ते बोलत नाहीत. चोथा वाढला आणि पाणी तेवढंच राहिलं तर पोट अडणारच. मग पाणी सकाळी सहा ते दुपारी चारमध्ये वाटून दिलं, मोड आलेली मटकी रोजची होती ती आठवड्यातनं तीनदा केली, कोबी थोडे दिवस बंद. दहा-बारा दिवसांत पोट मार्गी लागलं. रात्री उठण्याबद्दल डॉक्टरांना दाखवायला लावलं, ते वेगळं चालू आहे.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. भाजीनं पोट भरायला लागल्यावर पाच चपात्यांच्या तीन झाल्या, मग दोन, कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप. आणि डिसेंबरमध्ये एका सकाळी अकराला अण्णांना दरदरून घाम, हात थरथरायला लागले. काकूंनी ग्लुकोमीटरवर बघितलं तर ६२. चार चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी परत बघितलं तेव्हा ९० च्या वर आली. ग्लिमेपिराइड ही गोळी शुगर ढकलून खाली आणते, खाणं कमी झालं तरी तिचा डोस तोच राहिला तर असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस निम्मा केला, पुढे ती गोळी बंदच झाली. साठीच्या पुढचं जे कुणी जेवण बदलताय आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेताय, त्यांनी पहिल्या महिन्यात घरी शुगर बघत राहा आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की खाण्यात बदल करतोय. आणि गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मग ज्यूस. अण्णांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये दुधीचा रस चालू झाला होता, एकजण घरून बाटली आणायचा आणि सगळे प्यायचे. यावर मी फार कडक बोलले आणि आजही बोलेन. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला, त्यानंतर आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तज्ज्ञांची समिती बसवली आणि कडू लागणारा रस अजिबात पिऊ नका असं सांगितलं. दुधीत कधीकधी कुकुरबिटॅसिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, त्याच्यामुळेच कडूपणा येतो, त्यावर उतारा नाही, उलट्या, रक्ताचे जुलाब, बीपी एकदम खाली. लोक कडू लागलं की औषधी असेल म्हणून गिळतात, तिथेच घात होतो. चिरताना दुधीचा तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर अख्खा फेकून द्या. बाकी दुधीची भाजी करा, कोफ्ते करा, थालीपिठात किसून घाला. फळांच्या रसाचंही तसंच, रस गाळला की चोथा गेला आणि चार संत्र्यांची साखर एका घोटात पोटात, फळ चावून खाल्लं तर एकच खाल्लं जातं.

फळांत अण्णांचा जीव पेरूवर, लहानपणी मळ्यात झाड होतं. पण पेरूच्या बिया कवळीखाली जातात म्हणून वर्षानुवर्षं खाल्लाच नव्हता. आता काकू पेरूचे चार भाग करून मधला बियांचा गाभा चमच्यानं काढतात आणि बाहेरच्या गराच्या पातळ फोडी, वर थोडं लिंबू. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट-पाचपट, आणि जेवणाबरोबर खाल्लं तर पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. पपई त्यांना अजूनही आवडत नाही, आग्रह केला नाही. फेब्रुवारीत मेव्हण्यांकडून तासगावची द्राक्षाची पेटी आली, दोन माणसांच्या घरात एवढी द्राक्षं म्हणजे बसता-उठता तोंडात. काकूंनी पंधरा-पंधरा मण्यांच्या वाट्या भरल्या, उरलेली निम्मी पेटी शेजारी वाटली. मे महिन्यात आंबा बंद केला नाही, अर्धा आंबा आणि त्या वेळची एक चपाती कमी, आमरसाची वाटी नाही.

मे महिन्यातले रिपोर्ट सांगते. एचबीएवनसी ७.१, वजन ७३.५, बीपी १३४/८२, गोळ्या आधीपेक्षा कमी असताना. कोलेस्टेरॉल जवळपास होतं तिथेच, त्यावर डॉक्टरांनी वेगळी गोळी सुरू केली. भाजी परत वजन केली तर दिवसाला ३०० ते ३५० ग्रॅम, बटाटा सोडून. आता हे सगळं भाजीनं झालं असं मी म्हणणार नाही, चपात्या कमी झाल्या, शेव-चिरमुरे सुटले, सकाळचं चालणं नियमित झालं, हे एकमेकांत गुंतलेलं असतं. पण बीपीचा भाग पटण्यासारखा आहे, १९९७ मध्ये अमेरिकेत डॅश नावाचा जो प्रयोग झाला त्यात मीठ आणि वजन तेवढंच ठेवून भाज्या-फळं आणि कमी फॅटचं दूध-दही वाढवलं आणि एकूण फॅट कमी केलं तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ नं उतरला होता.

उशीर झालाय का, हे अण्णांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आता काय उपयोग म्हणून. त्यांना मी २००७ चा एक अभ्यास सांगितला होता, ४५ ते ६४ वयाच्या पंधरा हजारांहून जास्त लोकांचा, ज्यांनी त्या वयात नव्यानं चार गोष्टी सुरू केल्या, रोज किमान पाच भाज्या-फळं, आठवड्याला अडीच तास चालणं, वजन आटोक्यात, सिगरेट बंद, त्यांच्यात पुढच्या चारच वर्षांत मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी दिसलं. चार वर्षं हा आकडा अण्णांना पटला, नातीचं दहावीचं वर्ष तेवढंच लांब आहे म्हणाले.

आणि काकू. या प्रकरणात पेशंट म्हणून कागदावर एकटे अण्णाच होते, पण मी दोघांचंही ताट वजन करायला लावलं होतं. अण्णा ६० ग्रॅमवर तर काकू ३५ वर, कारण त्या नंतर बसायच्या आणि कढईत उरलंय तेवढं. हिमोग्लोबिन ९.६ निघालं, दम लागतो हे त्या वयावर ढकलत होत्या. डॉक्टरांनी तपासण्या करून लोहाच्या गोळ्या दिल्या, ते मे महिन्यात ११.२ वर आलं. हातांसाठी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, औषध सुरू आहे. आता दोघं एकदम जेवायला बसतात आणि भाजी आधी दोन वाट्यांत सारखी वाढली जाते, पातेल्यातनं नाही. हा नियम मी घातलेला नाही, अण्णांनी घातलाय, आणि या सगळ्यात मला तोच सगळ्यात मोठा बदल वाटतो.

सध्या पाऊस सुरू झालाय, पालेभाजी चिखलानं भरलेली आणि महाग येते, म्हणून दोडका, पडवळ, कारली, भेंडी, गवार, कर्टुली यांच्यावर दोन महिने काढायचं ठरलंय, जोडीला परसातल्या शेवग्याचा पाला. संध्याकाळच्या चहाबरोबर गरम भज्यांची मागणी अण्णांनी आत्ताच नोंदवलीय, पंधरवड्यातनं एकदा असं काकूंनी कबूल केलंय. पुढची एचबीएवनसी गणपती झाल्यावर, आणि काकूंचं हिमोग्लोबिन त्याच दिवशी.